ग्रनोब्लला येताय? आधी उंचीचा हिशेब करा

मार्च लागला की माझ्या फोनवर ठरलेले निरोप यायला लागतात. "मे महिन्यात युरोपला निघालोय, म्हटलं तुझ्याकडेही दोन-तीन दिवस डोकावून यावं. काय काय भरू?" फ्रान्समधल्या ग्रनोब्लमध्ये राहून मला आता सहा वर्षं झाली. आई-बाबा येऊन गेले, मामा-मामी येऊन गेले, मैत्रिणीच्या सासूबाई तर दोनदा आल्या. प्रत्येकाला मी तेच सांगत आले आणि तरी प्रत्येक जण काही ना काही विसरून आलाच. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते.

पहिली तयारी डोक्यातली, आणि ती उंचीची. ग्रनोब्लला आल्प्सची राजधानी म्हणतात, त्यामुळे येणारा माणूस मनालीला निघाल्यासारखं सामान बांधतो. प्रत्यक्षात हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम २१२ मीटरवर आहे. पुणं ५६० वर. म्हणजे कोथरूडहून आल्प्सच्या राजधानीत येताना तुम्ही साडेतीनशे मीटर खाली उतरता! ईझेर आणि द्राक या दोन नद्यांच्या संगमावरचं हे शहर ताटासारखं सपाट आहे. ताटाची कड मात्र उंच: उत्तरेला शार्त्रूझ, पश्चिमेला वेर्कोर, पूर्वेला बेलदोन. कुठल्याही रस्त्याच्या टोकाकडे बघा, डोंगर आडवा येतोच. बघण्यासारखं निम्मं खाली आहे नि निम्मं वर, आणि दोन्हींत एकाच दिवशी दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. एवढं लक्षात ठेवलंत की बाकीची यादी आपोआप सुचत जाते.

आता कधी यायचं ते. माझं मत विचाराल तर मेचा शेवट ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये हे ताट तापतं. चहूकडून डोंगर, वारा अडतो, पारा पस्तिशीपलीकडे जातो आणि बऱ्याच घरांत पंखासुद्धा नसतो. ऑगस्टमध्ये घरगुती खानावळी दाराला पाटी लावून पंधरा-पंधरा दिवस सुट्टीवर जातात. हिवाळ्यात उलटी गंमत. थंड हवा तळाशी साचते, शहरावर करड्या धुक्याचं झाकण बसतं आणि वर डोंगरात मात्र लख्ख ऊन. बर्फासाठीच यायचं असेल तर फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या टाळा. तेव्हा सगळं फ्रान्स डोंगरात लोटतं, खोल्यांचे भाव चढतात आणि शनिवारी घाटात गाड्यांची रांग लागते. जानेवारीत येणार असाल तर शहरातून किल्ल्यावर जाणाऱ्या रोपवेच्या तारखा आधी बघा, कारण त्या महिन्यात तो बरेच दिवस देखभालीसाठी बंद असतो. १ मेला जवळजवळ सगळंच बंद असतं. आपला महाराष्ट्र दिन इथे घरात बसून साजरा करावा लागतो.

कागदपत्रांचं तुम्हाला एव्हाना ठाऊक असेल, तरी उजळणी करते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण मे महिन्याचा प्रवास असेल तर पंधरा दिवसांवर विसंबू नका. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. मोठ्यांची व्हिसा फी ९० युरो, केंद्राचं शुल्क वेगळं. हॉटेलात उतरणार असाल तर बुकिंग जोडलं की झालं. पण नातेवाइकांच्या घरी उतरणार असाल तर 'आतेस्तास्यों दाक्य' नावाचा कागद लागतो. इथल्या माणसाने नगरपालिकेत जाऊन, घराचे आणि पगाराचे कागद दाखवून, ३० युरोंचा स्टॅम्प लावून तो काढायचा असतो आणि हातात पडायला कधीकधी महिना जातो. तो मूळ कागदच लागतो. मी शहाणपणा करून आईला त्याचा फोटो पाठवला आणि "प्रिंट काढ" म्हणाले. तिची अपॉइंटमेंट गेली ती गेलीच, वर कुरियरला व्हिसाच्या फीच्या जवळपास निम्मे पैसे पडले. आई आजही कुणी फ्रान्सचं नाव काढलं की आधी "ओरिजिनल घ्या हो" एवढंच सांगते.

यायचं कसं? ग्रनोब्लच्या नावाचा एक विमानतळ आहे, पण तो शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि मुख्यतः हिवाळ्यात स्कीवाल्यांच्या विमानांसाठी चालतो. त्याला भुलू नका. आपल्यासाठी सोयीचा ल्योंचा विमानतळ. दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफुर्टमार्गे तिथे उतरलात की बस साधारण तासाभरात ग्रनोब्लच्या स्टेशनाजवळ आणून सोडते. मुंबईहून थेट पॅरिसला येणार असाल तर गार द ल्यों स्थानकातून सुटणारी थेट तेजेवे (TGV) ही वेगवान गाडी तीन तासांत इथे पोचते. गार द ल्यों हे पॅरिसमधलं स्थानक आहे, ल्यों शहरातलं नव्हे. हे सांगायचं कारण, मामा. विमान उतरणं आणि गाडी सुटणं यात चार तास तरी ठेवा. पासपोर्टची रांग, सामान आणि पॅरिसची लोकल, तिन्हींचा भरवसा नाही.

बॅगेत कपडे भरताना एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या. सुती टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जूनमध्ये खाली लोक आइस्क्रीम खात असतात आणि मागे बेलदोनच्या शिखरांवर बर्फ दिसत असतो. तिथे चढायचं ठरलं तर हे तिन्ही थर एकाच दुपारी लागतात. उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरात अचानक विजा कडाडतात, म्हणून वरचे कार्यक्रम सकाळी. बूट नवे कोरे आणू नका. महिनाभर तळजाईवर नाहीतर गावातल्या टेकडीवर वापरून मऊ केलेले आणा. गॉगल आणि सनस्क्रीन बर्फासाठीसुद्धा लागतात. बर्फावरून परतलेलं ऊन हनुवटीखालून भाजतं, हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. आणि हातमोजे. तेही वाटल्यास इथेच घ्या, कारण हे मोज्यांचंच शहर. हाताची मापं ठरवून मोज्यांना नंबर देण्याची पद्धत १८३०च्या दशकात इथल्याच झाविए जुव्हां या कारागिराने बसवली. नदीपलीकडच्या सां-लोराँ भागात त्याचा पुतळा आहे. मोजेवाल्याचा पुतळा उभारणारं गाव मला तरी दुसरं माहीत नाही.

खाऊच्या पिशवीबद्दल कडक बोलायला हवं. युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशाला दूध-दुभतं आणि मांस आणता येत नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही, चक्का नाही. ताजी फळं-भाज्याही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूस नाही आणि कढीपत्ताही नाही. सूट पाच फळांना: केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. थोडक्यात, भाचीची ओटी भरायची तर नारळ चालतो, आंबा चालत नाही. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, बाकरवडी, कोरडी चटणी बिनधास्त आणा. चटणी मात्र दोन पिशव्यांत बांधा. मामीच्या पांढऱ्या स्वेटरला लसणीच्या चटणीचा वास वेर्कोरपर्यंत होता. रिकामी पाण्याची बाटली नक्की आणा. ग्रनोब्लचं नळाचं पाणी द्राक नदीकाठच्या खडकाळ थरांतून गाळून येतं, त्यात क्लोरीनसुद्धा घालत नाहीत. इथे पाणी विकत घेणाऱ्याकडे लोक जरा दयेनेच बघतात.

चार्जरच्या बारीक दोन गोल पिना इथल्या भिंतीत बसतात, तीन पिनांचा प्लग बसत नाही, तेव्हा एक अडॅप्टर ठेवा. विजेचा विषय निघाला म्हणून सांगते, या खोऱ्याला विजेचा भारी अभिमान आहे. १८६९ मध्ये आरिस्तीद बेर्जेस या कागद गिरणीवाल्याने जवळच्या लांसे गावी डोंगरातलं पाणी दोनशे मीटर उंचीवरून नळातून खाली सोडून यंत्रं चालवली, पुढे त्यातूनच वीज निघाली, आणि डोंगरातल्या पाण्याला नाव पडलं 'पांढरा कोळसा'. खोपोलीला टाटांचं वीजघर पाहिलेल्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. १९२५ मध्ये त्याच पांढऱ्या कोळशाचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी ओग्यूस्त पेरेने बांधलेला काँक्रीटचा मनोरा पॉल मिस्त्राल बागेत अजून उभा आहे.

औषधं रोजच्या गरजेपेक्षा आठवडाभर जास्तीची, चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं. अडलं तर हिरव्या फुलीची पाटी शोधा, ते औषधाचं दुकान, आणीबाणीला ११२. रोकड थोडीशीच, कार्ड सगळीकडे चालतं. फोनमध्ये फ्रेंच भाषांतर ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि एक शब्द मात्र फोनविना यायला हवा: 'बाँजूर'. दुकानात शिरल्या शिरल्या, बसमध्ये चढताना, लिफ्टमध्येसुद्धा. तो न म्हणता थेट "हे केवढ्याला?" विचारलंत तर समोरच्याचा चेहरा आखडतो, आणि मग घरी जाऊन तुम्ही म्हणता की फ्रेंच लोक शिष्ट आहेत.

आल्यावर पहिल्याच मोकळ्या सकाळी बास्तिय करून टाका. पॅरिसचा, क्रांतीत पाडलेला बॅस्टिल वेगळा. हा नदीकाठच्या डोंगरावरचा किल्ला. जनरल आक्सो याने तो १८२३ ते १८४८ या काळात बांधून घेतला, तेव्हा शेजारचा सॅव्हॉय प्रांत फ्रान्सबाहेर होता आणि सरहद्द जवळ होती. वर जायला १९३४ पासून रोपवे आहे, आणि १९७६ पासून त्याला पारदर्शक गोल डबे लागलेत. एकामागे एक लटकलेले ते डबे दुरून साबणाच्या फुग्यांसारखे दिसतात, म्हणून लोक त्यांना 'ब्यूल', म्हणजे बुडबुडे, असंच म्हणतात. डबा ईझेरच्या पात्रावर आला की पायाखाली हिरवट-राखाडी पाणी, मग कौलांची छपरं, मग एकदम खडक. आई पूर्ण वेळ डोळे मिटून, पदराचं टोक मुठीत धरून बसली होती आणि वर पोचल्यावर "काही नव्हतं एवढं" म्हणाली. वरचा कठडा ४७६ मीटरवर आहे, म्हणजे अजूनही पुण्याच्या खालीच! हवा स्वच्छ असेल तर ईशान्येला दूर आल्प्सचं सर्वांत उंच शिखर, माँ ब्लाँ, दिसतं. त्यासाठी पावसाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ धरा.

चालत वर जाता येतं, पायऱ्या आणि वळणांची वाट आहे, तासभर लागतो. चढ सुमारे २६० मीटर, पर्वती लागोपाठ तीनदा चढल्यासारखं. माझा सल्ला: गुडघे कुरकुरणारे असतील तर चढा हवं तर, पण उतरू नका. बाबांनी नेमकं उलट केलं, "उतरायला काय लागतं" म्हणून खाली चालत आले आणि पुढचे दोन दिवस माझ्या सोफ्यावर मलम चोळत बसले. एकेरी तिकीट मिळतं, ते वरून खाली येण्यासाठी वापरा.

किल्ल्याच्या पायथ्याशी सां-लोराँची जुनी वस्ती आहे. नदीकाठाला ओळीने पिझ्झाची दुकानं, इटलीहून आलेल्या कामगारांची आठवण. तिथे एक सिंह सापाला पंजाखाली दाबून उभा आहे. साप म्हणजे पूर आणणारी ईझेर, सिंह म्हणजे शहर. मग पूल ओलांडून सां-आंद्रे चौकात या आणि १७३९ पासून चालू असलेल्या 'ला ताब्ल राँद' कॅफेत बसा. कॉफी इवलीशी येते. आपल्यासारखी हवी तर 'काफे क्रेम' मागा.

आता मंगळवार. या यादीतलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: मंगळवारी इथली बहुतेक संग्रहालयं बंद असतात. कला संग्रहालय बंद, दोफिने संग्रहालय बंद, विझियचा राजवाडा बंद. मैत्रिणीच्या सासूबाई पहिल्या खेपेला सोमवारी रात्री आल्या, बुधवारी पहाटे गेल्या. दुसरी खेप त्यासाठीच.

कला संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. ट्रामने जायचं, बी लाइन, उतरायचं 'नोत्र-दाम म्यूझे'ला. तिकीट ट्रामच्या फलाटावरच्या यंत्रातून काढून चढण्याआधी तिथेच पंच करायचं. खिशात तिकीट आहे पण पंच नाही, हे तपासनिसाला पटत नाही. संग्रहालय १७९८ मध्ये सुरू झालेलं, आताची इमारत १९९४ची. जुने धार्मिक विषय ज्याला आवडतात त्याने थुर्बारानची मोठी चित्रं बघावीत. बाकीच्यांनी सरळ विसाव्या शतकाच्या दालनात जावं. तिथे मातिसचं १९११ मधलं एक भिंतभर चित्र आहे, दोन मीटरहून उंच. पडदे, आरसा, खिडकी, जमीन, सगळीकडे फुलाफुलांची नक्षी, कुठे काय संपतं ते कळत नाही. चित्राच्या नावात वांगी आहेत. बाबा पाच मिनिटं नाक लावून शोधत होते आणि मग मधल्या टेबलावर सापडली: तीन जांभळी, बारकीशी. "भरायला बरी आहेत," म्हणाले आणि त्यानंतर ते चित्रासमोरून हलेनात.

जिल्ह्याची संग्रहालयं फुकट आहेत, फुकट म्हणून कमी समजू नका. डोंगराच्या उतारावर सतराव्या शतकातल्या मठात दोफिने संग्रहालय आहे, डोंगरातल्या माणसांचं जगणं तिथे नीट कळतं. पायऱ्या आहेत, सावकाश चढा. सां-लोराँच्या जुन्या चर्चखालचं तळघर तर सहाव्या शतकातलं आहे. आणि विझिय. हा राजवाडा शहराच्या दक्षिणेला पंधरा-एक किलोमीटरवर, बसने सहज होतो. ७ जून १७८८ ला ग्रनोब्लच्या लोकांनी छपरावर चढून राजाच्या सैनिकांवर कौलं फेकली, इतिहासात तो 'कौलांचा दिवस' म्हणून नोंदला गेलाय. २१ जुलैला विझियच्या वाड्यात सभा भरली. पॅरिसचा बॅस्टिल पडायला अजून वर्ष होतं. विझियच्या वाड्यात आता राज्यक्रांतीचं संग्रहालय आहे. कंटाळलेल्या मुलांना बागेत सोडा. तळ्यात हातभर लांबीचे मासे आहेत.

वर जायचा दिवस वेगळा ठेवा. सोपा पर्याय शामरूस हे स्कीचं ठिकाण, बसने साधारण तासाभराचा घाट. १९६८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीपटू जाँ-क्लोद किलीने तीन सुवर्णपदकं जिंकली ती याच उतारांवर. बस जिथे सोडते ते ठिकाण १६५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६! म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराएवढ्या उंचीवर तुम्ही बसमधून उतरता आणि तिथून वर अजून सहाशे मीटर पाळण्याने जाता. चढताना कान बंद होतात, लिमलेटच्या गोळ्या खिशात ठेवा. भाड्याची गाडी घेणार असाल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगरभागात हिवाळी टायर किंवा चेन सक्तीच्या आहेत, गाडी घेतानाच विचारा. उन्हाळ्यात पायवाटेवर मेंढरांचा कळप लागला तर लांबून वळसा घाला, पळू नका, काठी उगारू नका. कळपातला पांढरा कुत्रा मेंढीएवढाच दिसतो, पण तो राखणीला असतो.

शार्त्रूझच्या बाजूला गेलात तर १०८४ पासूनचा मौनी साधूंचा मठ आहे. आत जाता येत नाही. दोन किलोमीटर अलीकडे त्यांचं संग्रहालय आहे, तिथवर जाऊन परत यायचं. ते साधू १३० वनस्पतींपासून जे हिरवं मद्य करतात त्याची तळघरं व्हारों गावात बघता येतात. काकांना ती वाट दाखवली तर मठ राहून जाईल.

जेवणाच्या वेळा पाळा: दुपारी बारा ते दोन, रात्री सात ते नऊ-साडेनऊ. तीन वाजता "काहीतरी गरम" मिळत नाही, तेव्हा पिशवीत दशमी असावी. शाकाहारी असाल तर नुसतं "मांस नको" पुरत नाही, कारण हॅमचे बारीक तुकडे इथे मांसात धरत नाहीत. तिन्ही नावं घ्या: मांस नको, मासे नको, हॅम नको. ग्रातँ दोफिन्वा आपल्याला फार आवडतो: बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध-साय, लसूण, मंद भट्टीत तासभर. खऱ्या ग्रातँत चीज नसतं, अंडंही नसतं. राव्हियोलमध्ये मात्र पिठातच अंडं असतं. नखाएवढे ते चीज भरलेले चौकोन अठ्ठेचाळीसच्या तावाने मिळतात, आणि उकळत्या पाण्यात मिनिटभरात होतात. आईने त्यांना वरणफळांची फ्रेंच बहीण म्हटलं, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घातली. वाईट लागली नाही.

परतीच्या बॅगेत भाजणीची जागा मोकळी झालेली असते. तिथे आक्रोड भरा. ग्रनोब्लच्या आक्रोडाला १९३८ पासून भौगोलिक मानांकन आहे, ऑक्टोबरात आलात तर नवं पीक बाजारात असतं. सोललेले घ्या, टणक कवचासकट घेतलेत तर वजनकाट्यावर कळेल. चीज घ्यायचं तर निघायच्या दिवशीच, आणि डबा घट्ट झाकणाचा.

निघायचा दिवस शक्यतो मंगळवार ठेवा.